एकचा फोन बाराला

सोमवार, ४ तारीख

सगळ्यात आधी आले टेलरमास्तर. दुकान बंद करून चार वर्षं झाली, पण माप घ्यायची टेप काही गळ्यातून उतरत नाही. समोरच्या इमारतीचा जिना उतरून, रस्ता ओलांडून, पुन्हा आमचा जिना चढून आले. दारातूनच म्हणतात, "आजी, आत्ता कुठं नाश्त्याची बशी विसळली नि तुम्ही फोनवर, जेवायला बसा म्हणून! माणसाला पोट एकच असतं हो." मी घड्याळ बघितलं. बारा वाजून दहा मिनिटं. म्हटलं, मी कुठला फोन करतेय, मी इथं कांदा चिरतेय.

मग डोक्यात उजेड पडला. फोन म्हणजे तो फोन.

हे नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच कळायचं नाही. माझ्या नातीला आम्ही भिंगरी म्हणतो. लहानपणी एका जागी ठरायची नाही, आणि आता मागच्या खोलीत कॉम्प्युटरपुढं अशी बसते की उठता उठत नाही. तिनं डायबेटिसच्या दवाखान्यासाठी एक सोय केली आहे. साठ म्हातारी माणसं आहेत त्यांची. रोज दुपारी एकच्या ठोक्याला साठही घरी आपोआप फोन जातो. माणूस लागत नाही. जेवलं, गोळी घेतली की त्याच नंबरावर मिस्ड कॉल द्यायचा. कोणी किती वाजता दिला त्याचा कागद दवाखान्यात थोरल्या सिस्टरकडे जातो, भिंगरीच्या स्क्रीनवरही दिसतो. ज्याचा आला नाही त्याला त्या स्वतः फोन करतात, आणि त्यांची बोलणी खाण्यापेक्षा गोळी खाल्लेली बरी असं सगळे म्हणतात.

आणि फोनवरचा आवाज माझा! आधी कुठल्याशा बाईचा गोड आवाज घातला होता, कोणी ऐकेना. मग भिंगरीनं मला खुर्चीत बसवून बोलायला लावलं. "मी आजी बोलतेय. गोळीची वेळ झाली. पान वाढून घ्या, गोळी घ्या, नि मला मिस्ड कॉल द्या. टाळाटाळ नको, मला सगळं कळतं." आता रस्त्यात अनोळखी माणसंसुद्धा आवाजावरून ओळखतात. चौथी नापास बाईला आणखी काय हवं.

तर तो फोन आज एकच्या ऐवजी बाराला गेला. टेलरमास्तरांच्या मागोमाग खालच्या मजल्यावरच्या दोघी बहिणी आल्या, मग चष्म्याच्या दुकानातला म्हातारा. चार माणसं आली, तीन वेळा चहा टाकला. भिंगरी केस विस्कटून बाहेर आली नि म्हणाली, "आजी, ही सभा कसली?" मी म्हटलं, तुझ्याच मशीननं बोलावलीय.

खरं सांगू का, घर भरलेलं बरं वाटलं.

मंगळवार, ५ तारीख

आजही बारालाच. आज सहाजण आले. टेलरमास्तरांना मी म्हटलं, तुम्हाला काल कळलं ना, मग आज कशाला तीन जिने चढलात? म्हणाले, "खात्री करून घेतलेली बरी." जाता जाता खिडकीच्या पडद्याची उसवलेली शिवण त्यांच्या नजरेत भरली, ती घालून दिली. भला माणूस.

घोडं कुठं पेंड खातंय ते भिंगरीला कालच सापडलं होतं. तिचं सगळं काम सर्व्हरवर चालतं. सर्व्हर म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीत भाड्यानं घेतलेला कॉम्प्युटर. कुठल्या गावात आहे म्हटलं, तर हिलाही ठाऊक नाही! मी म्हटलं, भाड्याच्या खोलीलासुद्धा पत्ता असतो गं. तर त्या कंपनीनं रविवारी हिला न विचारता तो दुसऱ्या इमारतीत हलवला, आणि ती इमारत अशा देशात आहे जिथलं घड्याळ आपल्या एक तास पुढं. आपले बारा वाजले की तिथं एक. मशीन बिचारं तिथल्या एकला प्रामाणिकपणे घंटा वाजवतं. भिंगरीनं काल इथूनच त्याचं घड्याळ आपल्या वेळेला लावलं. मला स्क्रीनवर दाखवलं, अगदी आपल्या भिंतीवरच्या घड्याळाशी मिनिटाला मिनिट जुळलेलं. आणि आज पुन्हा बाराला फोन!

तिनं कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. तिथला माणूस मोठा गोड बोलतो. "आमच्या बाजूनं सगळं व्यवस्थित दिसतंय, मॅडम." तीन वेळा तेच. मी लांबून ऐकत होते. म्हटलं, हा उंटावरून शेळ्या हाकतोय.

आता ही म्हातारी माणसं काय करणार? दवाखान्याचा नियम आहे, जेवण नि गोळी एकला. कोणी बाराला जेवतं, कोणी गोंधळून गोळीच विसरतं. काल कागदावर सगळा सावळा गोंधळ. थोरल्या सिस्टर भिंगरीला म्हणाल्या, असंच चाललं तर बंद करते, जुन्या पद्धतीनं माझ्या हाताखालच्या मुलीच फोन करतील. भिंगरीचं तोंड एवढंसं झालं. दीड वर्ष खपलीय ती यावर. नोकरी सोडून.

मग मीच डोकं चालवलं. आलेल्या सहाजणांना सांगितलं, हे बघा, माझा फोन आला की एक तास थांबायचं, मग जेवायचं. सोपं आहे. पुढच्यालाही सांगा. दोघी बहिणींना एकदा सांगितलं की गावभर होतं, वर्तमानपत्र नको. टेलरमास्तरांनी यादीतल्या आठदहा जणांना स्वतः फोन करायचं कबूल केलं. संध्याकाळी मीसुद्धा आठवतील तेवढे नंबर फिरवले.

गुरुवार, ७ तारीख

कागद आला आणि सगळं जिथल्या तिथं! साठातले एकावन्न मिस्ड कॉल एक ते सव्वाएकमध्ये. थोरल्या सिस्टरचा फोन, "शाब्बास, जमलं की गं."

भिंगरी खूश व्हायची सोडून आणखीनच कोड्यात पडली. मला विचारते, "आजी, आज फोन किती वाजता आला?" मंगळवारपासून माझ्या फोनवरही येतो ना, चाचणीसाठी. म्हटलं, बाराला. "आणि मिस्ड कॉल एकला. मग मधला एक तास गेला कुठं?" मी म्हटलं, अगं मी सांगितलंय सगळ्यांना, काळजी करू नको. पण तिनं तोवर ती इअरफोनची बोंडं कानात घातली होती नि हेल्पलाइनवाल्याशी बोलत होती. त्याचं आपलं तेच, आमच्या बाजूनं सगळं व्यवस्थित.

तिला दूध नेऊन दिलं. कपावर साय धरली तरी प्यायली नाही. हे कॉम्प्युटर माणसाचं काय करतं कोण जाणे. काम झालेलं दिसतं तरी समाधान नाही. मी तर आज दुपारी मस्त झोप काढली.

आज एकही माणूस आला नाही. टेलरमास्तर तेवढे आले होते, कात्री विसरलो का बघायला. कात्री त्यांनी आणलीच नव्हती.

सोमवार, ११ तारीख

सकाळी भिंगरी नाचत बाहेर आली. "सापडलं, आजी, सापडलं!" मला ओढत नेऊन समजावलं. त्या मशीनमध्ये घंटा वाजवणारा एक वेगळा प्रोग्राम असतो. तो चालू होताना एकदाच घड्याळाकडे बघतो नि मग त्याच हिशोबात राहतो. तिनं घड्याळ नीट केलं, पण त्याला ते कोणी सांगितलंच नाही. तो आपला परदेशातल्याच वेळेत. त्याला एकदा बंद करून पुन्हा चालू करायचं, एवढंच. मी म्हटलं, अगदी तुझे आजोबा. एकदा डोक्यात बसलं की बसलं, झोपवून उठवल्याशिवाय बदलायचं नाही. दोघी पोट धरून हसलो.

आणि बरोबर एकला माझा फोन वाजला. ठोक्याला! मी मोठ्यानं सांगितलं, आला गं! तिनं मला मिठी मारली. चार दिवसांत पहिल्यांदा नीट जेवायला बसली.

पण हे सुख पावणेदोनपर्यंतच. कागदावर एकही मिस्ड कॉल नाही. दोन वाजले नि मग बदाबदा, पावसासारखे. भिंगरी हातातला घास ताटात टाकून उठली. "आता एक तास उशिरा? कसं शक्य आहे?" तीन वाजता थोरल्या सिस्टरचा फोन. आवाज इथपर्यंत ऐकू आला. "गुरुवारी बरोबर होतं, आज काय केलंस तू?" आणि मग पुढचं. गणिताच्या बाईंना चक्कर आली.

गणिताच्या बाई म्हणजे शाळेतल्या. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण अजून सगळं मोजून करतात. त्यांना गोळी नाही, इंजेक्शन असतं, ते घेतलं की लगेच जेवावं लागतं. त्यांनी इंजेक्शन घेतलं नि जेवल्याच नाहीत म्हणे. सून घरात होती म्हणून निभावलं. साखरपाणी दिलं, शुद्धीवर आल्या. सुनेनं सांगितलंय, आमचं नाव काढून टाका.

सिस्टर बुधवारी येऊन सोक्षमोक्ष लावणार आहेत.

भिंगरी रडली नाही. नुसती भिंतीकडे बघत बसली. ते जास्त वाईट.

मंगळवार, १२ तारीख

गणिताच्या बाईंना बघायला गेले. दोन रस्ते पलीकडे राहतात. उशी टेकून बसल्या होत्या, तोंड पांढरं. मी म्हटलं, बाई, माझ्या नातीच्या मशीननं तुम्हाला त्रास झाला, मला फार लागलं. त्या म्हणाल्या, "मशीन कशाला, फोन एकलाच आला होता. मी इंजेक्शन घेतलं नि पान वाढायला उठले. तेवढ्यात सून म्हणाली, थांबा, आजींनी सांगितलंय फोननंतर एक तास थांबायचं. म्हटलं, आजी म्हणताहेत तर थांबावं."

सून दाराशी उभी होती. म्हणाली, "मला परवाच तुमच्या खालच्या बहिणींनी सांगितलं, त्यांना तुम्ही."

बाईंनी मला पाणी दिलं. आजारी त्या, आणि पाणी मला!

घरी येताना दहा मिनिटांच्या वाटेला अर्धा तास लागला. बाकावर बसले, उठले, पुन्हा बसले. मनात आलं, नाही सांगितलं तर कोणाला कळणार आहे? बाई काही सिस्टरला सांगणार नाहीत. मशीनवर गेलं की गेलं. मशीनला काय लाज?

घरी आले तर भिंगरी टाइप करत होती. म्हटलं, काय लिहितेस? म्हणाली, "दवाखान्याला पत्र. उद्या त्यांनी काढून टाकण्यापेक्षा आपणच बंद करावं. मला दोष सापडत नाही, आजी. फोन एकला गेला नि सगळ्यांचे मिस्ड कॉल दोनला. असं होऊच शकत नाही, आणि झालं. ज्याचं कारण कळत नाही ते मी म्हाताऱ्या माणसांच्या जिवावर नाही चालवणार."

मी म्हटलं, कारण इथं उभं आहे.

सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग उठून खिडकीपाशी गेली. मग परत आली. "आजी, तू माझ्या सर्व्हरच्या वर आणखी एक सर्व्हर चालवत होतीस! मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं, तुझ्या कानात ती बोंडं होती."

"मग बोंडं ओढायची! कान ओढायचे!"

पहिल्यांदाच माझ्यावर ओरडली. मीही ओरडले, तू चार दिवस माझ्याशी धड बोललीस का म्हणून. मग तिनं नाक पुसलं नि विचारलं, "किती जणांना सांगितलंस?" म्हटलं, मी पंधरावीस जणांना. पण पुढं किती गेलं ते तुझ्या कंपनीलासुद्धा सांगता यायचं नाही.

तेव्हा कुठं हसली. थोडीशी.

बुधवार, १३ तारीख

थोरल्या सिस्टर अकराला आल्या. उंच बाई, बूट करकर वाजतात. चहाचा कप पुढं केला तर नको म्हणाल्या, तेव्हाच ओळखलं. भिंगरी आधी बोलायला लागली, "चूक माझीच आहे, मी तपासायला हवं होतं..." मी तिला मध्येच थांबवलं. म्हटलं, चोर सोडून संन्याशाला फाशी नको. पोरीनं मशीन सोमवारीच नीट केलंय. बिघडवलं मी. आणि काय केलं ते सांगितलं.

सिस्टर माझ्याकडे बघतच राहिल्या. "आजी, गुरुवारचा तो चांगला कागद, तो तुमचा होता?"

"हो."

"मी हिला शाब्बासकी दिली ती?"

"ती माझीच. परत करते हवी तर."

ओठ दाबून हसू आवरलं त्यांनी. पण मग गंभीर झाल्या. म्हणाल्या, "आजी, तुमच्या आवाजावर लोक विश्वास ठेवतात म्हणून तर झालं हे. मी सांगून जे ऐकत नाहीत ते तुमचं ऐकतात. उद्या मशीन पुन्हा हललं तर? त्यांना कळणार कसं?"

मला जे सुचलं ते बोलले. म्हटलं, फोनवर मी किती वाजले ते का नाही सांगत? "दुपारचा एक वाजलाय" असं म्हणायचं. ऐकणाऱ्यानं भिंतीवर बघायचं. जुळलं तर लगेच जेवा. नाही जुळलं तर काही घेऊ नका, आम्हाला फोन करा. म्हणजे साठ घड्याळं राखणीला बसली.

भिंगरी नि सिस्टरनी एकमेकींकडे बघितलं. भिंगरी म्हणाली, "हे मला दीड वर्षात सुचलं नाही."

सिस्टर म्हणाल्या, सोमवारपर्यंत फोन बंद. तोवर त्यांच्या मुली फोन करतील. मधल्या दिवसांत यादीतल्या साठही जणांना माझ्या तोंडून खरं कळलं पाहिजे, रेकॉर्ड केलेलं नाही, खुद्द. सोमवारी त्या स्वतः इथं बसून बघणार, मगच ठरवणार. उठताना थंड झालेला चहा मात्र उभ्या उभ्या घशाखाली घातला.

शुक्रवार, १५ तारीख

साठ फोन झाले. घसा बसलाय. टेलरमास्तर दोन्ही दिवस सकाळपासून यायचे, ते नंबर फिरवायचे नि खूण करायचे, मी बोलायचे. प्रत्येकाला सांगायचं, ते एक तास थांबायचं माझं चुकलं, विसरा, आता वेळ मी फोनवरच सांगेन. वाटलं होतं लोक चिडतील. एकच चिडला, चष्मेवाला, आणि तोही चूक कबूल केली म्हणून नाही, दुपारी झोपमोड केली म्हणून. बाकीच्यांनी दहादहा मिनिटं सोडलं नाही. कोणाचा जावई, कोणाची मांजर, कोणाचे दात. मला कुठं माहीत होतं मी रोज कोणाशी बोलते ते. आता साठही जण ओळखीचे झाले.

शेवटचा फोन गणिताच्या बाईंचा ठेवला होता. धीर होत नव्हता. सुनेनं उचलला. म्हटलं, नाव काढलंय तुमचं, तरी सांगायचं होतं. ती म्हणाली, "मीपण न विचारताच पुढं ढकललं." आणि ठेवला.

भिंगरीनं नवं बोलणं भरून घेतलं. घसा बसला असून. म्हणाली, असूच दे, खरं वाटतं.

सोमवार, १८ तारीख

सिस्टर पाऊणला आल्या, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. भिंगरी नखं खात होती. टेलरमास्तर दाराशी उभे, बसा म्हटलं तरी बसेनात. एवढ्यात पुन्हा बेल. बघते तर गणिताच्या बाई नि त्यांची सून! बाई म्हणाल्या, "नाव काढताना मला कोणी विचारलं नव्हतं. दोन डबे घेऊन आलोय, इथंच जेवते, घड्याळासमोर." सून म्हणाली, "ऐकतच नाहीत हो." पण इंजेक्शनाची पेटी तिच्याच हातात होती.

एक वाजला. माझा फोन वाजला, टेलरमास्तरांच्या खिशातला वाजला. माझाच बसका आवाज खोलीत दोनदा. "मी आजी बोलतेय. दुपारचा एक वाजलाय. भिंतीवर बघा." आणि काय सांगू, सिस्टरसकट सगळ्यांनी माना वर करून भिंतीवर बघितलं!

बाईंनी इंजेक्शन घेतलं नि लगेच जेवायला सुरुवात केली. सुनेनं शेवटच्या घासापर्यंत नजर हलवली नाही. सव्वाएकला कागदावर पंचावन्न. तिघांना सिस्टरनी तिथूनच फोन लावून झापलं, पैकी चष्मेवाला जेवून झोपला होता. चौथे टेलरमास्तर. ते इथं उभे राहून जेवायचंच विसरले होते. त्यांना पाटावर बसवून वाढलं.

सिस्टरनी घड्याळ मनगटावर चढवलं. भिंगरीला म्हणाल्या, "चालू ठेव. पण दर आठवड्याला मी येऊन बघणार. आणि यादीत बाईंचं नाव पुन्हा घाल, एकसष्टावं म्हणून." बाई म्हणाल्या, "साठावंच. मी होतेच साठात. गणित चुकवू नका." भिंगरी आत जाऊन बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

जाताना सिस्टरनी बाईंना हात दिला, जिना उतरायला. दोघी खालून वर बघून म्हणाल्या, शुक्रवारी येतो, पाऊणला, डबा घेऊन.